गाडी दामटली की नेमकं काय झिजतं? आपली गाडी आणि आपला पाय तपासायची रीत

माझी आणि धाकट्या भावाची गाडी एकाच मॉडेलची. एकाच दसऱ्याला घेतलेल्या, दोन्ही पेट्रोल, दोन्ही मॅन्युअल. रोजचा रस्ताही जवळपास तोच: कोथरूडहून चांदणी चौक चढायचा आणि बावधनमार्गे हिंजवडी. त्याच्या गाडीचा क्लच ४१ हजार किलोमीटरला गेला. माझा ८८ हजारांना अजून मूळचाच आहे. मिस्त्री एक, तेल एक, सर्व्हिसिंगच्या तारखाही मागेपुढे. फरक काय तो डाव्या पायाचा.

त्याचा क्लच उतरवला तेव्हा मी गॅरेजमध्येच होतो. मिस्त्रींनी जुनी प्लेट काढून माझ्या हातात दिली. अस्तर इतकं उतरलं होतं की रिवेटची डोकी बोटाला लागत होती. प्रेशर प्लेटच्या चकचकीत लोखंडावर निळे-जांभळे डाग, बुलेटच्या सायलेन्सरच्या वाकावर येतात तसे. वास विचारू नका. मिस्त्री प्लेट उलटीसुलटी करत म्हणाले, "यांना चढावर उभं राहायची लई हौस दिसतेय." भाऊ शेजारी उभा होता, तो मोबाइलमध्ये बघायला लागला.

तर दामटल्याने गाडी खरंच झिजते का? हो, झिजते. पण सगळी एकसारखी नाही. आधी टायर आणि ब्रेक, मग क्लच, मग खालचं सगळं म्हणजे शॉकअप, बुश, लिंक रॉड, फाउंडेशन (इंजिन ज्या रबरांवर बसतं ती). गिअरबॉक्स त्यानंतर, आणि ज्याची सगळ्यांना काळजी असते ते इंजिन बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी. गाडीला मारतात त्या दोन गोष्टी, उष्णता आणि झटका. नुसत्या वेगाला गाडी फारशी भीत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेच्या सपाटीला टॉप गिअरमध्ये एकसारखी ताशी ९०ने चाललेली गाडी तासाभरात क्लचला दोनचारदाच हात लावते, तेल नीट गरम असतं, ब्रेक थंड असतात. तीच गाडी संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडताना तासाभरात दहा किलोमीटर जाते आणि क्लच दीडशे वेळा दाबला जातो. मीटरवर दहाच किलोमीटर पडतात, झीज मात्र कितीतरी पट.

आधी एक आठवडा स्वतःवर नजर ठेवा

आपण गाडी दामटतो असं कुणालाच वाटत नाही. दामटतात ते बाकीचे. म्हणून सुरुवात मोजण्यापासून करू.

पाण्याची अर्धी भरलेली बाटली शेजारच्या सीटसमोर, खाली पायाच्या जागेत उभी ठेवा. आठवडाभर रोजच्या रस्त्याने जा आणि ती किती वेळा आडवी होते ते लक्षात ठेवा. खड्ड्याने पडली तर सोडून द्या. ब्रेकने किंवा वळणावर पडली तर ती तुमच्या खात्यात. पहिल्या आठवड्यात माझी दिवसाला तीनदा पडायची, आणि मी स्वतःला फार संयमी समजत होतो.

दुसरं माप अ‍ॅव्हरेजचं. टाकी फुल्ल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करा आणि किलोमीटरला लिटरने भागा. डॅशबोर्डवरचा आकडा साधारण अंदाज देतो, पण हिशेब हाच खरा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार आक्रमक चालवण्याने हायवेवर १५ ते ३० टक्के आणि थांबत-जात चालणाऱ्या शहरी वाहतुकीत १० ते ४० टक्के अ‍ॅव्हरेज घटू शकतं. हे जास्तीचं पेट्रोल जातं कुठे, तर बराचसा भाग ब्रेकमध्ये उष्णता होऊन उडून जातो. म्हणजे अ‍ॅव्हरेज घटलं की ब्रेकपॅडही त्याच हिशेबाने खर्च होतायत असं समजायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट मोजायला सगळ्यात सोपी आणि कबूल करायला अवघड. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता का? शंभर मीटर जोरात जाऊन कचकन थांबण्यात एका फेरीत इंजिन, क्लच, टायर आणि ब्रेक चौघांनाही काम लावलं जातं, आणि पोहोचायचं त्याच हिरव्या दिव्याला असतं.

क्लच: अर्धा दाबलेला पाय

क्लच पूर्ण दाबलेला असला की प्लेट मोकळी असते. पूर्ण सोडलेला असला की ती इंजिनाच्या फ्लायव्हीलला घट्ट चिकटून एकजीव फिरते. दोन्ही अवस्थांत अस्तर घासत नाही. घासतं ते मधल्या पट्ट्यात, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो. रोज गाडी उचलताना सेकंद-दीड सेकंद त्या पट्ट्यातून जावंच लागतं आणि क्लच तेवढ्यासाठीच बनवलेला आहे. चांदणी चौकाच्या चढावर पुढची गाडी हलेपर्यंत चाळीस सेकंद हाफ क्लचवर तोलून धरण्यासाठी तो बनवलेला नाही. मागे न घसरता, ब्रेक न लावता गाडी जागच्या जागी धरणं हे काही जणांना कसब वाटतं. भावालाही वाटायचं.

सवय बदलायची ती अशा क्रमाने:

१. गिअर टाकून झाला की डावा पाय पेडलवरून उचलून बाजूच्या पायरीवर ठेवा. बोटं नुसती टेकलेली असली तरी रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच मोकळा करणाऱ्या बेअरिंगवर, दाब राहतो.

२. सिग्नलला दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल करा. पहिला गिअर टाकून क्लच दाबून बसलात तर प्लेट झिजत नाही, बेअरिंग झिजतं. आणि बेअरिंग बदलायलाही गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, मजुरी तेवढीच.

३. चढावर हँडब्रेक. ओढा, पहिला गिअर टाका, क्लच इतका सोडा की बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटेल, थोडी रेस द्या, मग हँडब्रेक सोडा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे, त्याचाही क्लच गेलेला असण्याची शक्यता आहे.

४. जॅममध्ये पुढच्याच्या बंपरला चिकटू नका. दोन गाड्यांची जागा पडू द्या, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, अ‍ॅक्सिलरेटर न देता गाडी रांगू द्या. सपाटीला बहुतेक गाड्या अशा सहा-सात किलोमीटरच्या वेगाने आरामात रांगतात. मधे रिक्षा घुसेल हे गृहीत धरा.

क्लच किती उरलाय हे पाहायचं असेल तर मोकळ्या सपाट जागी, समोर कुणी नसताना, हँडब्रेक घट्ट ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. गाडी लगेच बंद पडली तर क्लच धरतोय. इंजिन चालूच राहिलं तर प्लेट सरकतेय. ही चाचणी एकदाच करा, मजा म्हणून चार वेळा नको. रस्त्यावरची खूण म्हणजे चौथ्या गिअरमध्ये चढावर अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर आरपीएमचा काटा वर पळतो आणि गाडी आहे तिथेच रेंगाळते.

'माझी तर ऑटोमॅटिक आहे' म्हणणाऱ्यांनी पुढचं जरूर वाचावं. एएमटी म्हणजे साधाच क्लच आणि साधाच गिअरबॉक्स, फक्त दाबायचं काम मोटर करते. चढावर अ‍ॅक्सिलरेटर अलगद दाबून गाडी तोलली की तिथेही प्लेट तशीच भाजते, उलट पायाला काही जाणवत नाही. ड्राय क्लचचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर जॅममध्ये तापून इशारा देतो. दोन्हींत उपाय एकच, ब्रेक दाबून उभं राहायचं. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकला हा त्रास नसतो, तिथे द्रवातून ताकद जाते.

ब्रेक आणि घाट

इथे थोडं गणित करू, कारण त्याशिवाय घाटातली गोष्ट डोक्यात बसत नाही. ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र, आणि ती उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ६०वरून थांबायला जेवढी उष्णता निघते, ८०वरून थांबायला तिच्या पावणेदोन पट. ५० आणि १००ची तुलना केली तर चौपट.

आता चार माणसं आणि सामान धरून १,३०० किलोची छोटी गाडी घ्या. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६२० मीटरच्या आसपास, खोपोली त्याच्या साडेपाचशे मीटर खाली. हवेचा आणि टायरचा विरोध बाजूला ठेवला तर एवढं उतरताना गाडीला जी ऊर्जा झटकून टाकावी लागते, ती ताशी ८०वरून वीस-बावीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी भरते. आणि ती सगळी काही मिनिटांत. पुढच्या चाकांच्या दोन लोखंडी चकत्यांनी ती एकट्याने सोसावी अशी अपेक्षा धरली की घाटाच्या पायथ्याशी जळका वास येणारच.

म्हणून जुने ट्रकवाले सांगतात तेच करा: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. कुंभार्लीसारखा घाट असेल तर दुसरा-तिसरा. इंजिनाचा आवाज चढतो, तीन-साडेतीन हजार आरपीएम दिसतात, पेट्रोल गाडीला त्याने काहीही होत नाही. वळणाच्या आधी ब्रेक एकदा ठामपणे लावा, वेग पाडा, पूर्ण सोडा. घाटभर पाय अलगद टेकवून ठेवणं सगळ्यात वाईट, कारण पॅडला थंड व्हायला क्षणही मिळत नाही.

उतारावर न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचतं, हा समज कार्बोरेटरच्या काळातून उरलेला आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ पूर्ण बंद होतं. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जावंच लागतं. म्हणजे वाचत काही नाही आणि ब्रेकवर सगळा भार. इंजिन बंद करून उतरणाऱ्यांबद्दल काय बोलावं! ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं.

ब्रेक ऑइल हा विसरला जाणारा भाग. ते हवेतलं बाष्प शोषतं, आणि कोकणात पावसाळा काढणाऱ्या गाडीचं तर विचारूच नका. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी मुरल्यावर तो १५५पर्यंत उतरलेला चालतो असं प्रमाण सांगतं. तापलेल्या ब्रेकमध्ये ते ऑइल उकळलं की बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात, आणि पेडल खाली जमिनीला टेकतं. दर दोन वर्षांनी बदलून घ्या. खर्च एका बऱ्या हॉटेलातल्या चौघांच्या जेवणापेक्षा कमी.

पायथ्याच्या चहाच्या टपरीवर नेहमी दिसणारं दृश्य: चाकातून धूर, मालक घाबरून बिसलेरीची बाटली डिस्कवर ओततोय, चर्रर्र आवाज. असं करू नका. लाल तापलेल्या बिडाच्या लोखंडावर गार पाणी पडलं की ते वाकतं, तडकूही शकतं. वास यायला लागला तर सुरक्षित जागा बघून थांबा, चाकाला दगड लावा, गिअर टाकून ठेवा, हँडब्रेक ओढू नका, आणि अर्धा तास चहा प्या.

नंतर पेडलला थरथर जाणवली तर डिस्क पाहायला सांगा. पॅड नवा असताना साधारण दहा-बारा मिलीमीटर असतो, ३ मिलीमीटरवर आला की बदलायचा. बऱ्याच अलॉय व्हीलमधून तो टॉर्चने नुसता डोकावूनही दिसतो. किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला तर पॅडवरची पत्री डिस्कला लागतेय, आता आठवडा नाही, उद्याच.

इंजिन: सकाळची पहिली पाच मिनिटं

गरम झालेल्या पेट्रोल इंजिनाला ओव्हरटेक करताना पाच हजार आरपीएमपर्यंत नेलं तर ते कुरकुरत नाही. बनवणाऱ्याने रेड लाइन आखली आहे आणि तिच्यापुढे जाऊ नये म्हणून लिमिटरही बसवलाय. खरी झीज होते ती थंड इंजिनात. तेल घट्ट, पिस्टन आणि सिलिंडरमधली जागा अजून बेताची झालेली नाही, आणि साहेबांना नऊची मीटिंग.

सकाळी चालू करा, अर्धा मिनिट थांबा, मग निघा. दहा मिनिटं उभ्या उभ्या 'गरम करत' ठेवायची गरज नाही, त्याने तेलात पेट्रोलच उतरतं. पहिले तीन-चार किलोमीटर अडीच हजार आरपीएमच्या आत ठेवा. आणि एक ध्यानात घ्या: टेंपरेचरचा काटा पाणी दाखवतो. तेल त्याच्या मागून तापतं.

आता उलट टोक. अ‍ॅव्हरेजच्या नादात ३५च्या वेगाला चौथा-पाचवा गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबणारे सज्जन मला दामटणाऱ्यांइतकेच धोक्याचे वाटतात. इंजिन धडधडतं, फाउंडेशनचं रबर फाटतं, आणि लहान टर्बो पेट्रोल इंजिनात तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटून पिस्टनला घणाचा घाव बसू शकतो. गाडी धडधडली की खालचा गिअर, इतकं साधं आहे.

टर्बो असेल तर आणखी एक. त्याची चक्की मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेते आणि तिच्या बेअरिंगला आधार इंजिनाच्या तेलाचाच. एक्स्प्रेस वेवर ताणून येऊन फूड मॉलला लागलीच चावी बंद केली की तेल थांबतं आणि आतल्या उष्णतेने तिथेच करपतं. शेवटचा किलोमीटर सावकाश या, नाहीतर मिनिटभर इंजिन चालू ठेवा. एवढ्याने भागतं.

बीएस ६ डिझेलवाल्यांची तक्रार वेगळीच. १ एप्रिल २०२०पासूनच्या या गाड्यांत काजळी धरणारा फिल्टर असतो, आणि ती काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग, गरम आणि बऱ्या वेगाने चालावी लागते. नुसती शाळा-भाजी-ऑफिस करणारी डिझेल अगदी नाजूकपणे चालवली तरी फिल्टर तुंबतो. तिला पंधरा दिवसांतून एकदा वीस-पंचवीस मिनिटं हायवे दाखवा, गिअर एक खाली ठेवून.

टायर आणि खालचं सामान

पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत ओढणं, वळणं आणि बहुतेक ब्रेक हे सगळं पुढच्या दोन टायरवर. जोरात वळणाऱ्याच्या टायरच्या बाहेरच्या कडा आधी गुळगुळीत होतात. नवीन टायरची नक्षी सात-आठ मिलीमीटर खोल असते, कायद्याने १.६पर्यंत चालते, पण पावसाळ्यात मी ३च्या खाली जात नाही. दर १० हजारांनी पुढचे मागे करून घ्या आणि हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.

खड्ड्याबद्दल एकच गोष्ट, पण नीट समजून घ्या. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली बसतं, म्हणजे पुढचे शॉकअप आधीच अर्धे दबलेले असतात. त्या अवस्थेत चाक खड्ड्यात पडलं तर मार थेट रिम, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मवर. म्हणून ब्रेक खड्ड्याच्या आधी, आणि कडेवर चाक जाताना पाय सुटलेला. खड्डा मोठा असला तरी.

स्पीड ब्रेकरचंही तसंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ने पार करण्यासाठी. आपल्या गल्लीतला कुणी, कशाने मोजून घातला ते देवाला माहीत, त्यामुळे तिथे पहिला गिअर. एका बाजूची चाकं कडेच्या गटारातून काढून 'वाचवण्याची' युक्ती टाळा. एकाच बाजूला मार बसतो आणि लिंक रॉड खटखटायला लागतात.

जुनी गाडी घेताना हेच उलटं वाचा

मीटरवरचा आकडा फिरवता येतो, सवयींच्या खुणा पुसणं जरा अवघड. गाडी बघायला जाल तेव्हा पेडलचं रबर पाहा. ३० हजार चाललेल्या गाडीचं क्लच पेडल एका कडेने गुळगुळीत झालेलं नसतं. क्लच अगदी वर, सोडता सोडता शेवटाला धरत असेल तर प्लेट संपत आलीय. डिस्कच्या बाहेरच्या काठावर नखाला लागेल अशी उंच कड असेल तर ब्रेक भरपूर वापरलेत. टायरच्या बाजूला चार आकडी छाप असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. गाडी २०२२ची आणि चारही टायर २०२३चे असतील तर विचारा, आधीचे एवढ्या लवकर कुठे गेले. मग रिकाम्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून, काच खाली करून सावकाश गोल फिरवा. पुढच्या चाकातून कट-कट-कट ऐकू आलं तर एक्सलचा जॉइंट गेलाय. तो भाव करताना कापून घ्या.

भावाने मागच्या महिन्यात गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक माझ्या ओळखीचं निघालं, आणि त्याने मलाच फोन करून विचारलं, "गाडी कशी आहे हो?" मी म्हटलं, "क्लच नवा आहे."